बंडूच्या आंघोळीची चार पानं

चित्रकथेतल्या माणसाला शक्ती मिळायला किती पानं लागावीत, या एका प्रश्नावर मी आणि सलीमभाई अठरा वर्षं भांडलो. भांडण मिटलं नाही, आणि ते मिटावं असं दोघांपैकी कुणाला फारसं वाटतही नव्हतं. दिवाळी अंकासाठी तुमच्या व्यवसायाबद्दल लिहा, असं पत्र आलं तेव्हा माझ्या बायकोला 'व्यवसाय' या शब्दाचंच हसू आलं. ती म्हणाली, भांडणाबद्दल लिहा, तेवढंच तुम्ही नेमानं केलंत. तिचं म्हणणं मी सहसा ऐकत नाही, पण या वेळी ऐकतो.

मी मूळचा देऊळगावराजाचा. चित्रकला शिक्षकाचा डिप्लोमा केला, शाळेत जागा निघाली नाही, म्हणून चिखलीला येऊन पाट्या रंगवू लागलो. बीटी कपाशी आली आणि मला बरे दिवस आले. रस्त्याकडेच्या प्रत्येक गोठ्याच्या भिंतीवर बियाण्याची जाहिरात हवी होती. बोंडं नारळाएवढी काढा, असं एक विक्रेता मला खरोखर म्हणाला होता. मी काढली. शेजारी शेतकरीही काढायचा होता, तो बोंडापेक्षा लहान झाला.

सलीमभाईंचा ऑफसेट छापखाना मार्केट यार्डाच्या मागच्या गल्लीत. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं आणि बियाण्यांची हँडबिलं हे त्यांचं पोट. पावसाळ्यात लग्नं थांबली की मशीन नुसतं उभं राहायचं आणि सलीमभाईंची चिडचिड व्हायची. अशाच एका रिकाम्या आषाढात त्यांनी महिन्याला एक चित्रकथा काढायचं ठरवलं. मजकूर माझा, चित्रं माझी, कागद, छपाई आणि अक्कल त्यांची.

बाहेरच्या माणसाला वाटतं की गोष्ट लिहिणारा ठरवतो गोष्ट किती लांब ते. तसं नसतं. एक मोठा कागद दोन्ही बाजूंनी छापून दुमडला आणि कापला की सोळा पानं होतात. त्याला आम्ही फॉर्मा म्हणतो. गोष्ट त्या सोळा पानांत बसवायची. सतरावं पान सुचलं तर ते एकटं येत नाही, चार पानांचा वेगळा तुकडा जोडावा लागतो. म्हणून गोष्ट वाढली तर चारांनी वाढते आणि कापली तर चारांनी कापली जाते. पिना मारतात ती मधली दोन पानं एकाच कागदाची असतात, तिथं चित्र तुटत नाही. नायकाची मोठी उडी घ्यायची ती तिथंच.

उडी यासाठी म्हणतो, की आमचा नायक उडी मारायचा. त्याचं नाव तुडतुड्या. बीटीमुळं बोंडअळी दबली, पण पानाखाली बसून रस शोषणारे तुडतुडे काही बीटीला भीक घालेनात. फवारणी सुटेल म्हणून लोकांनी ते बियाणं घेतलं आणि पंप काही पाठीवरून उतरला नाही. मला त्या नखाएवढ्याही नसलेल्या किड्याचं कौतुक वाटायचं. म्हणून बंडू नावाचा एक फवारणी करणारा माणूस घेतला. त्याच्या पाठीवर पंप गळतो, मानेवर तुडतुडा चावतो, आणि दुसऱ्या दिवशी तो शेताच्या एका धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दुसऱ्या धुऱ्यावर उडी घेऊ लागतो. एका कृषी केंद्राच्या मालकानं अंक दुकानात ठेवायला नकार दिला. म्हणाला, पेंटर, आमी ज्याले मारतो त्याले तुमी हिरो केलं. मुद्दा बिनतोड होता.

आता भांडणाचं सांगतो. माझा भाचा पुण्यातल्या रद्दीवाल्याकडून परदेशी चित्रकथांचे गठ्ठे पाठवायचा. त्यात जुन्या आणि नव्या दोन्ही असत. जुन्या अंकांत दोन पानांत सगळा कारभार उरकायचा: घरदार, अपघात, शक्ती, अंगाला घट्ट कपडे, पहिला चोर. नव्या अंकांतला माणूस मात्र पहिला सबंध अंक खिडकीतून बाहेर बघतो. दुसऱ्यात त्याला बरं वाटत नाही. तिसऱ्यात तो आईला काहीतरी सांगू बघतो आणि सांगत नाही. पोशाख अंगावर चढायला सहावा अंक उजाडतो. त्यातली थोडी लबाडी मला कळत होती, सहा अंक एकत्र बांधून पुढं जाडं पुस्तक विकायचं असतं. पण मला ते आवडायचं. माणसाचं आयुष्य उलटंपालटं झाल्यावर तो पाणी कसं पितो, हे मला बघायचं असायचं.

सलीमभाईंनी ते सहा अंक मनापासून वाचले आणि बाजूला ठेवले. म्हणाले, "पेंटर, सहा महिन्यांत तं आपली कपाशी लावून येचून होते. याले अजून कपडेच नाही भेटले." त्यांचा हिशेब एसटी स्टँडवरचा होता. गाडी पाच मिनिटं थांबते. माणूस खाली उतरतो, अंक हातात घेतो, तीन पानं उलटतो. तिसऱ्या पानावर कुणी उडालं नाही तर अंक खाली ठेवून केळी घेतो. हे त्यांनी स्वतः स्टॉलशेजारी उभं राहून पाहिलं होतं.

तरी पहिल्या अंकासाठी मी हट्टानं वीस पानं काढली. जास्तीची चार पानं बंडूच्या संध्याकाळची होती. तो घरी येतो, गळका पंप ओसरीला ठेवतो, ओला सदरा अंगणातच काढतो. बायको न्हाणीत पाणी देते, तो साबण लावून रगडून आंघोळ करतो, भाकरी खातो, झोपतो. मला ती पानं फार जमली होती. दगडावर बसलेल्या बंडूच्या पाठीवरचा साबणाचा फेस मी दोन दिवस काढत होतो. सलीमभाईंनी चारही पानं उचलून बाजूला ठेवली आणि विचारलं, याच्यात होते काय? मी म्हणालो, आंघोळ. ते म्हणाले, आंघोळ तर लोक घरी करतात, त्यासाठी अंक कोण घेईल?

मी मान डोलावली. चार पानांच्या जागी एक चौकट आली. त्यात बंडू खाटेवर पालथा पडलेला, पाठीवर ओला सदरा, आणि वर मी माझ्या सुबक अक्षरात लिहिलं: 'बंडू दमून तसाच झोपला.' पुढच्या पानावर तो उडाला. गोष्ट खरोखर वेगवान झाली होती. अंक खपला, आणि सलीमभाईंनी मला त्या दिवशी दोनदा चहा पाजला.

पुढचा अंक निघायच्या आधीच छापखान्यात एक बाई आल्या. तिशीतल्या असतील. हातात आमचा अंक, घडी करून करून पिना सुटलेला. त्यांनी विचारलं, हे चित्र काढणारे कोण? मला वाटलं कौतुक आहे. मी ऐटीत पुढं झालो.

त्यांचं नाव कांताबाई. डोणगावच्या. नवरा देवराव रोजानं फवारणीला जायचा. त्या वर्षी पाऊस चांगला होऊन कपाशी डोक्याएवढी वाढली होती. अशा कपाशीत फवारलं की औषध पिकावर पडतं तेवढंच माणसाच्या तोंडावर येतं. आमच्याकडं त्याला औषधच म्हणतात. एका दुपारी देवरावांचा पंप गळला आणि पाठ भिजली. घरी आल्यावर कांताबाईंनी आंघोळीला पाणी ठेवलं. पाचवीतली मुलगी वैशाली अंक घेऊन बापाजवळ बसली होती.

"पोरगी म्हने, बाबा, आज आंगोळ नका करू. सकाळी पाहू काय होते ते," कांताबाई म्हणाल्या. "हे बी हासले. म्हने, बरं, उडून पाहू. दमेल होते, झोपले तसेच. भाऊ, तुमच्या चित्रात आंगोळ नव्हती."

हे त्यांनी भांडणाच्या सुरात सांगितलं नाही. पत्ता सांगावा तसं सांगितलं. पहाटे देवरावांना घाम फुटला, तोंडाला फेस आला, डोळ्यांपुढं अंधारलं. जीपनं मेहकर, तिथून बुलढाणा. जीव वाचला होता, अजून ते दवाखान्यातच होते. मशीन चालू होतं, ते सलीमभाईंनी बंद केलं.

मी काहीतरी म्हणायला गेलो, पैशाचं, औषधपाण्याचं. त्यांनी हातानं थांबवलं. त्या त्यासाठी आल्या नव्हत्या. मुलीनं बोलणं टाकलं होतं. बापाला जीपमध्ये घालताना तिनं पाहिलं, त्यानंतर विचारलं तेवढ्याला मान हलवायची, शाळेत जायची, पण तोंडातून शब्द काढायची नाही. आपणच बापाला मारायला निघालो होतो, हे तिच्या मनानं घेतलं होतं.

"मी सांगून सांगून थकली का तुहा काही गुन्हा नाही. आयकत नाही," कांताबाई म्हणाल्या. "पन छापेल असलं तं खरं मानते. तुमी छापा."

एवढं सांगून त्या गेल्या. पानं गाळली सलीमभाईंनी, पण 'तसाच झोपला' हे वाक्य माझं होतं, आणि अक्षरही माझं. मग सलीमभाईंनी विचारलं, "पेंटर, ते चार पानं कुठं हायेत?"

शोधाशोध केली. छापखान्यात जाड कागद कधी वाया जात नाही. माझी चारही मूळ पानं कुणाच्या तरी लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यांना वरून गुंडाळून गेली होती. बंडूची आंघोळ कुठल्यातरी मंडपात पोचली होती. सलीमभाई म्हणाले, पुन्हा काढा, आणि या अंकात कोणी उडणार नाही. अठरा वर्षांत त्यांनी माझी बाजू घेतलेला हा एकच प्रसंग, आणि तो असा यावा याचं मला वाईट वाटतं.

काढायला बसलो तर काढता येईना. पहिली चार पानं मी अंदाजानं काढली होती. आता अंदाज करायची भीती वाटू लागली. देवराव घरी आल्याचं कळलं तसा मी डोणगावला गेलो. माणूस शिव्या देईल अशी मनाची तयारी केली होती. दारातल्या बाजेवर एक हाडकुळा, हसऱ्या तोंडाचा माणूस बसला होता. मी नाव सांगितलं तर म्हणाला, या पेंटरसायेब, तुमच्या बंडूवर माझा राग हाये. मी म्हणालो, असणारच. ते म्हणाले, "तो दुसऱ्या दिवशी उडाला. मले पान्याचा लोटा उचलाले बावीस दिवस लागले."

मग त्यांनी मला सगळं सांगितलं, अगदी कारागिरासारखं, एकापुढं एक. आधी काय होतं, मग काय. घाम कसला, थुंकी कशी. डॉक्टरांनी बॅटरी मारून डोळे पाहिले तेव्हा बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या म्हणे. शुद्ध आल्यावर पहिली गोष्ट काय दिसली, तर सलाईनच्या बाटलीवरचा कागद, तोही उलटा. मी वहीत उतरवून घेत होतो. वैशाली उंबऱ्यात बसून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती. मी तिच्याकडं बघून हसलो. ती आत गेली.

पुढचा अंक आम्ही पहिल्या अंकाची दुरुस्ती म्हणून काढला. गोष्ट पुन्हा सुरुवातीपासून. पहिल्या पानावर मी स्वतःलाच काढलं, टक्कल आणि चष्म्यासकट, हात जोडून. खाली लिहिलं: 'मागच्या वेळी मी बंडूची आंघोळ गाळली. ही चूक माझी. ती वाचणाऱ्या कुणाचीही नाही.' 'कुणाचीही' हा शब्द मी जाड ब्रशनं काढला. मग बंडूचा गळका पंप, अंगणात काढलेला सदरा, साबण, न्हाणी. तरीही बंडू आजारी पडतो, कारण दिवसभराचं औषध श्वासातून आत गेलेलं असतं. सोळाव्या पानावर जीप निघते, आणि अंक संपतो.

अंकाची पहिली प्रत मी डोणगावला स्वतः नेली. वैशालीनं ते पहिलं पान पुष्कळ वेळ बघितलं. एकदा चित्रातल्या मला बघितलं, एकदा खऱ्या मला. मग अंक मिटून दप्तरात ठेवला. बोलली नाही. परतीच्या वाटेवर मला स्वतःचाच राग आला, सलीमभाईंच्या स्टँडवरच्या हिशेबासारखी, एका चित्रानं तिसऱ्या पानाला पोर बरी होईल असं मी धरून चाललो होतो.

म्हणून गोष्ट चालू ठेवली. पुढचा अंक दवाखान्याचा. त्याच्या पुढचा घरच्या बाजेवरचा. पुण्याच्या रद्दीतल्या त्या नव्या चित्रकथांमधली एक युक्ती मी तेव्हा वापरली. एकच चौकट सहा वेळा काढायची, शब्द नाहीत, आणि दर वेळी अगदी थोडा फरक. बंडूचा हात आणि लोटा. पहिल्या चौकटीत बोटं लोट्याला टेकतात, सहाव्या चौकटीत लोटा जमिनीपासून बोटभर वर आलेला असतो. सलीमभाईंनी चष्मा पुसून विचारलं, एकच चित्र सहा वेळा काढून तुम्ही माझ्याकडून सहाचे पैसे घेणार काय? देवरावांना कच्चं पान दाखवलं तर त्यांनी बराच वेळ बघून सांगितलं, तिसऱ्या चौकटीत पाणी सांडा थोडं. मी सांडलं. त्या एका सुधारणेनं पान उभं राहिलं. अठरा वर्षांत मला भेटलेला तो सर्वांत चांगला संपादक.

खप पडला, हे सांगायला नको. स्टँडवरचा स्टॉलवाला गठ्ठे परत पाठवू लागला. पोस्टकार्डं यायची: तुडतुड्या मेला काय? तुडतुड्या उडत नसेल तर दुसरा कुणी आणा. एक कार्ड मोताळ्याकडच्या एका बाईचं होतं, त्यात एवढंच होतं की आमचे हे आता सदरा बाहेर काढतात. ते सलीमभाईंनी मशीनवर चिकटवलं. दर महिन्याला ते मला विचारायचे, पोरगी बोलली का? मी नाही म्हणायचो. मग ते म्हणायचे, बरं, काढा अजून एक.

चौथ्या दुरुस्ती-अंकाच्या वेळी संक्रांत होऊन गेली होती. जिनिंगला कापसाच्या गाड्या लागत होत्या आणि गल्लीभर सरकीची धूळ होती. दुपारी कांताबाई आणि वैशाली छापखान्यात आल्या. चिखलीला काही खरेदी होती, म्हणून सहज आल्या. देवरावांनी फवारणी कायमची सोडली होती, मेहकरच्या एका जिनिंगच्या फाटकावर त्यांना बसून करायचं काम मिळालं होतं, हे कांताबाईंनी सांगितलं. सलीमभाईंनी चहा मागवला. कांताबाई दारातल्या बाकावर बसल्या, तिथून स्टँड दिसायचा. वैशाली माझ्या टेबलापाशी आली. टेबलावर नव्या अंकाची पानं सुकत होती. तिनं ती एकेक करून बघितली. बंडू बाजेवर. बंडू भिंतीला धरून दारापर्यंत. बंडू पुन्हा बाजेवर. शेवटचं पान बघून झाल्यावर तिनं ते खाली ठेवलं आणि माझ्याकडं बघितलं.

"काका, माहे बाबा सोमवारपासून कामावर जाऊन राह्यले," ती म्हणाली. "तुमचा बंडू काऊन झोपून हाये अजून?"

तिचा आवाज घोगरा होता, वापरात नसलेला. मी आपला बचाव करू लागलो. म्हटलं, बरं व्हायला वेळ लागतो. ती म्हणाली, वेळ लागला ना, चार अंक लागले, आता किती? म्हटलं, एकदम उडाला तर लोकांना खोटं वाटेल. ती म्हणाली, एकदम कुठं, आधी दारात जाईल, मग अंगणात, मग धुऱ्यावर, मग उडेल, चार चौकटी झाल्या. मग तिनं माझी पेन्सिल घेतली आणि त्या सुकणाऱ्या पानांवरच मला दाखवायला लागली. इथं बंडू आळशी दिसतो. इथं त्याची बायको उगाच रडते, आमची आई तर एवढी रडली नव्हती. हा लोटा किती वेळा काढला तुम्ही? बाबांनी नंतर घागर उचलली, ती कुठं आहे? मी एकेक करून सगळं कबूल करत गेलो. चार महिन्यांचं साठलेलं बोलणं होतं, आणि ते सगळं माझ्या चित्रांवर निघत होतं. अशी बोलणी मी आयुष्यात कुणाची इतक्या आनंदानं खाल्ली नाहीत.

बाहेर स्टँडवर डोणगावची गाडी लागली. कंडक्टरनं दोनदा घंटी मारली. मी बाकाकडं बघितलं. कांताबाईंनी पिशवी मांडीवर घेतली होती, चहाचा कप हातात तसाच होता, आणि त्या गाडीकडं बघत नव्हत्या. सलीमभाईंनी हळूच सांगितलं, ताई, गाडी सुटते, पुढची दोन तासांनी आहे. कांताबाईंनी मान हलवली, आणि तोंडावर बोट ठेवून त्यांना गप्प केलं. आत वैशाली मला सांगत होती की बंडूच्या पायाला सहा बोटं काढली आहेत. गाडी गेली. कांताबाई बसून राहिल्या.